रित्या ओटीची ओळ

"नलू, तू काळी पाचात गात नाहीयेस," हे म्हणाले. "माघापासून नाही."

आष्ट्याच्या राममंदिराची ओवरी, रामनवमीची सकाळ. मी नऊवारीचा काष्टा नीट करून खांद्यावर उपरणं घेत होते. बाहेर मांडवात बायका जागा धरण्यावरून एकमेकींना कोपरं मारत होत्या. जन्माचं कीर्तन थोड्या वेळात उभं राहायचं होतं, आणि माझा नवरा, जो माझा पेटीवालाही होता, भात्यावर हात ठेवून, खाली बघत मला हे सांगत होता.

"थट्टेची वेळ नाही ही," मी म्हणाले. "तुमच्या बोटांकडे बघते ना मी रोज. काळी पाचावरच असतात."

"बोटं असतात. सूर नसतो."

त्यांनी पेटीच्या कडेचा खटका दाखवला. आमची पेटी स्केल चेंजरची होती. खटका ओढून पट्ट्यांची अख्खी रांग डावीकडे सरकवली की बोट त्याच पट्टीवर राहतं आणि सूर मात्र खालचा वाजतो. माघात त्यांनी रांग एक घर सरकवली होती, फाल्गुनात आणखी एक. मी काळी पाच समजून ज्यात गात होते ती काळी चार होती. तबला पेटीलाच मिळवलेला, तेव्हा तबलजीनेही तोंड उघडलं नव्हतं.

ज्या उंचीवर तुमचा सा सुखाने लागतो ती तुमची पट्टी. काळी चारात गाणाऱ्या बायका पुष्कळ. मी पाचात गायचे आणि त्याचा मला चांगलाच माज होता. नुकतंच इस्लामपूरला एका म्हाताऱ्या बुवांना मी ऐकवून आले होते, "काळी पाचाशिवाय माझा गळा उघडतच नाही." बुवा नुसते हसले होते. ते का हसले हे मला आता ओवरीत उभ्या उभ्या कळलं आणि माझी कानशिलं तापली.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू उभीच राहिली नसतीस."

"मग आज तरी कशाला सांगताय?"

"आज पाळण्याला सनई आहे," हे म्हणाले. "सनईला खटका नसतो."

ते खरं होतं. आष्ट्याचं जन्माचं कीर्तन वर्षानुवर्षं माझे वडील करायचे, नाना. मी परकरात होते तेव्हापासून त्यांच्या मागे झांज घेऊन उभी राहायचे आणि जन्म झाला की पाळणा म्हणायचे. पाळणाही नानांनीच रचलेला. पहिल्या दोन ओळी मी एकटीने म्हणायच्या, आणि तिसऱ्या ओळीला नगारखान्यातून पांडोबा गुरवांनी सनई मिसळायची, असा तिथला रिवाज. ती सनई माझ्या गळ्यासाठी काळी पाचातली मुद्दाम करवून घेतलेली होती. पांडोबांना दुसरी ठाऊक नव्हती आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती.

नाना श्रावणात गेले. देवळाची वहिवाट तात्या इनामदारांकडे होती. ते मला म्हणाले होते, "यंदा तू उभी राहा, नलिनी. नानांची पुण्याई म्हणून. पुढचं पुढे बघू." पुढचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. पुण्याचे एक बुवा कधीचे टपून होते, आणि पंचांतले दोघे उघड म्हणत होते की बाईमाणसाने जन्माचं कीर्तन करण्यापेक्षा घरचा पाळणा हलवावा. आज नीट झालं तर नानांची जागा माझी राहणार होती. फसलं तर कायमची जाणार होती.

मी दाराकडे पाठ करून तिसरी ओळ हळूच म्हणून बघितली. यांनी खरी काळी पाच धरली. वर जाताना गळा चिरकला नाही, फुटलाही नाही. सूर नुसता संपला. अंधारात जिना चढताना वरची पायरी नसावी, तसं झालं.

"सर्दी आहे," मी म्हणाले.

"सर्दी नाही, नलू. गोळ्या सुरू केल्यापासून आहे हे. आधी जाडसर झाला, मग खाली..."

"कसल्या गोळ्या?" दारातून सासूबाई म्हणाल्या.

"खोकल्याच्या," मी म्हणाले. त्याच क्षणी हे म्हणाले, "पित्ताच्या."

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांच्या हातात सुंठ-खडीसाखरेची वाटी होती. "खोकल्याला आणि पित्ताला एकच औषध हे," म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे केली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पाळण्याची दोरी आज पहिली तू ओढायचीस. तात्यांच्या काकूंशी बोलून ठेवलंय मी. आपल्याकडेही दुसरं वर्ष सरत आलं आता. रामाच्या मनात आलं तर पुढच्या चैत्रात..." पुढचं त्यांनी रामावर सोडलं आणि बाहेर गेल्या.

सासूबाई वाईट नव्हत्या. घरात कुणाचं बारसं असलं की परतताना त्या गप्प व्हायच्या, आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायच्या, एवढंच. कधी म्हणायच्या, "लोकांना रामकथा सांगतेस, तुझी कथा कधी सुरू व्हायची?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

आता गोळ्यांचं सांगते. नाना गेले तेव्हा त्यांची वर्षभराची कीर्तनं माझ्याकडे आली. एका देवळात एक वर्ष खाडा झाला की ती जागा दुसऱ्याची, हा आमच्या धंद्यातला नियम. पोटाशी मूल घेऊन मला गावोगाव उभं राहता आलं नसतं. म्हणून मी यांना म्हटलं, तीन वर्षं थांबू. हे तयार झाले. आमच्या मिरजेत ओळखीच्या दुकानातून घेण्याची सोय नव्हती, म्हणून हे कोल्हापूरहून गोळ्या आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून. डॉक्टरला कुणी विचारलं नव्हतं, आणि बाई गाते का हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. त्या मी लपवायच्या कुठे? नानांच्या लाकडी पेटीत, चिपळ्यांखाली. ती पेटी सोवळ्यातली, सासूबाई तिला हात लावत नसत. सगळ्या घरात लपवायला सुरक्षित अशी तेवढी एकच जागा होती, आणि रोज चिपळ्या उचलून गोळी घेताना मला नानांची आठवण नको व्हायची.

"काळी चारात धरू," हे म्हणाले. "पांडोबांना सांगतो, आज सनई नको."

"पाळण्याला सनई नको म्हणून कुणी सांगितलं, असं तात्या विचारतील. मग काय सांगाल? का नको?"

यांनी खटका मागे-पुढे सरकवून बघितला.

"कीर्तन चारात करू. पाळणा मी पाचात घेईन," मी म्हणाले. "एकच तर ओळ आहे. रेटून नेईन."

गाणारा माणूस 'रेटून नेईन' म्हणाला की त्याच्या पेटीवाल्याने पेटी बंद करून घरी जावं. पण माझा पेटीवाला नवरा होता, तो गेला नाही.

कीर्तन उभं राहिलं. पूर्वरंग उत्तम झाला. चारात माझा आवाज मोकळा लागत होता, आणि खालच्या अंगाला एक नवाच भरदारपणा आला होता. लोक डोलत होते. उत्तररंगात मी दशरथाचं दुःख लावलं. सगळं आहे, पाळणा तेवढा नाही. पुढच्या रांगेत सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या. त्यांच्याकडे बघायचं टाळून मी खांबाकडे बघत यज्ञ सांगितला, पायसदान सांगितलं. कौसल्येचे डोहाळे सांगताना माझी जीभ जरा अडखळली. चोराच्या मनात चांदणं.

दुपारी बारा वाजले. घंटा, गुलाल, फुलं. कुंची घातलेली रामाची मूर्ती पाळण्यात ठेवली. काकूंनी रेशमी दोरी माझ्या हातात दिली, सासूबाईंनी हात जोडले. यांनी खटका सरकवला, मला तो आवाज गर्दीतही ऐकू आला. मी सुरुवात केली.

पाळणा हालवा गं, चैत्र आला दारी,
उजळली ओसरी, उजळली पायरी...

दोन ओळी खालच्या. त्या झाल्या. नगारखान्यातून सनई उठली, उंच आणि स्वच्छ. मी श्वास भरून घेतला.

रित्या ओटीत माझ्या सूर्य आला घरी, अशी ती ओळ. 'रित्या' म्हणेपर्यंत मी चढले. 'ओ' म्हणाले आणि तिथे काही नव्हतं. तोंड उघडं, हातात दोरी, गळ्यातून नुसता वारा. मी पुन्हा जोर केला. पुन्हा 'रित्या ओ', आणि पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी आलं ते जोर केल्याने आलं. सनई एकटीच वर जाऊन थांबली.

माझ्या मनात एवढंच आलं, की गेलं. नानांची जागा गेली, ह्या क्षणाला, सगळ्यांच्या देखत गेली. खाली बघावं तर पाळण्यात राम, वर बघावं तर तात्या. जमीन दुभंगून सीतेला पोटात घेते ती गोष्ट मी किती वेळा रंगवून सांगितली होती. मला कुणी घेतलं नाही.

मग बायकांमधून एक हुंदका आला, आणि पाठोपाठ आणखी. इनामदारांच्या काकू उठून माझ्याजवळ आल्या, दोरीवरच्या माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला आणि साध्या, बसक्या आवाजात ओळ उचलली. "रित्या ओटीत माझ्या..." मागून सगळ्या बायकांनी उचलली. कुणी सुरात, कुणी बेसूर. पांडोबांनी सनई त्यांच्यात सोडली. मांडव रडत गात होता आणि मला काही केल्या कळेना, की ह्या का रडताहेत.

कळलं ते पाळणा संपल्यावर. कीर्तन झालं की गावच्या बायका माझी ओटी भरायच्या, हा नेहमीचा प्रकार. त्या दिवशी रांग देवळाबाहेर गेली. नारळ, तांदूळ, हळकुंडं. प्रत्येक बाई माझ्या गालावरून हात फिरवत होती. "रडू नको गं," एक म्हातारी म्हणाली. "मलाही फार उशिरा झाला. तुझ्या तोंडून तो शब्द निघेना, बघवेना मला." दुसरी म्हणाली, "रित्या ओटीनं रिती ओटी कशी गावी बाई? कसली परीक्षा बघतो देव."

म्हणजे मला भरून आलं, असं त्यांना वाटलं होतं. नेमका त्याच शब्दावर. माझ्या रित्या ओटीच्या दुःखाने माझा गळा दाटला, आणि मी ते दुःख आजवर कुणाला दाखवलं नव्हतं, असं अख्ख्या आष्ट्याने ठरवून टाकलं होतं. मी पदर पसरून उभी होते. त्यात नारळ पडत होते. पलीकडे नानांची पेटी होती आणि तिच्यात चिपळ्यांखाली गोळ्यांची पट्टी होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. लोकांनी हसून उठवलं असतं तर मी सोसलं असतं. ही माया मला सोसेना.

तात्या आले. त्यांचेही डोळे लाल होते. "नानांनी हसवलं, पण असं रडवलं नाही कधी," ते म्हणाले. "जन्माचं कीर्तन आता तुझंच, नलिनी. आणि एक ऐक. दर वर्षी त्या ओळीला तू थांब. तू थांबायचंस आणि गावाच्या लेकीसुनांनी उचलायची. आजपासून तो रिवाज."

मी मान हलवली. त्याच वेळी बोलायला हवं होतं, असं म्हणणारे म्हणतील. त्यांनी एकदा गुलालाने माखलेल्या देवळात, पदरात ओटी घेऊन उभं राहून बघावं.

परतताना एसटीत सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. गाडी आष्ट्याबाहेर पडली. मग माझा हात मांडीवर ओढून घेऊन म्हणाल्या, "मी भांडी आपटायची. तुला ऐकू जावं म्हणून आपटायची. आता नाही आपटणार." पुढच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन हे बसले होते. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, सांगायचं का, असं. मी नकाराची मान हलवली. सासूबाईंना वाटलं, मी त्यांनाच म्हणतेय की असू द्या, त्याचं काय एवढं. त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या.

पुढच्या आठवड्यात त्याच मला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मोनेबाईंनी आरसा घालून घसा बघितला आणि विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" मी म्हणाले, "नाही." सासूबाई म्हणाल्या, "खोकल्याची होती." मोनेबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "परवा एकट्या या."

एकटी गेले तेव्हा सांगितलं. बोलताना मी टेबलावरच्या कागददाबणीकडे बघत होते. मोनेबाई रागावल्या, पण गोळ्यांवरून नाही. "गोळी घेणं हा काही गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेकींच्या आवाजाला काही होत नाही. काही गोळ्यांनी काहीजणींचा उतरतो, तुमच्या बाबतीत तसं दिसतंय. तुम्ही गळ्यावर जगता. आवाज बदलला तेव्हाच यायला हवं होतं तुम्ही. दुसरी गोळी बघितली असती, दुसरा उपाय बघितला असता. तुम्ही तोंड मिटून बसलात."

"परत येईल?"

"थोडा येईल. सगळा येईल असं मी सांगणार नाही."

थोडाच आला. मी गोळ्या सोडल्या. आवाज सावरला, पण पाचापर्यंत पुन्हा कधी गेला नाही. आष्ट्यात ते कुणाला कळलं नाही, कारण त्या ओळीला मी थांबायचे आणि बायका उचलायच्या. रिवाजच होता तो. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षांनी मैथिली झाली. सासूबाईंनी तिला रामापुढे नेऊन ठेवलं आणि सगळ्या देवळाला सांगितलं, "त्या दिवशी हिचं रडणं पोचलं." त्या शेवटपर्यंत तसंच सांगत राहिल्या. मी त्यांना खोटं पाडलं नाही आणि खरंही सांगितलं नाही.

तेव्हापासून आष्ट्यात एक नवीनच प्रकार सुरू झाला. जन्माच्या कीर्तनानंतर सासवा आपल्या सुनांना माझ्याकडे आणू लागल्या. माझ्या हातची ओटी भरली की पाळणा हलतो, असा बोलबाला झाला. मी भरायचे. नाही कशी म्हणणार? दर वर्षी घरी येऊन गार पाण्याने हात धुवायचे.

गेल्या रामनवमीला एक बाई सुनेला घेऊन आली. सून पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. "हिची भरा ताई," बाई म्हणाली. "आणि आवाजालाही काहीतरी सांगा. पोरांवर ओरडून ओरडून बसलाय नुसता."

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

"प्रणिता," ती म्हणाली. जाड, खाली उतरलेला आवाज. ओरडून बसलेला घसा खरखरतो, हा खरखरत नव्हता. हा आवाज मी ओळखत होते. मी त्यात आयुष्य काढलं होतं.

गुरवांचा नातू सनई वाजवत होता, आसपासचं कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मी तिच्या पदरात तांदूळ घालता घालता वाकले आणि तिच्या कानाशी विचारलं, "गोळ्या घेतेस?"

तिचा पदर हलला, तांदूळ सांडले. "ताई, आमच्या सासूबाईंना सांगू नका," ती म्हणाली. "एक वर्षच थांबायचंय. नोकरी कायम होईपर्यंत."

"नाही सांगत. पण तू डॉक्टरांना सांग, की मी दिवसभर बोलून पोट भरते आणि माझा आवाज उतरलाय. गोळीचा दोष नसेलही, दुसरं काही असेल, ते बघतील. असलाच तर उपाय असतो. लाजून गप्प बसू नकोस, एवढंच ऐक माझं. मी बसले होते."

आष्ट्यातल्या प्रत्येक सुनेप्रमाणे तिलाही ती गोष्ट माहीत होती. "म्हणजे त्या दिवशी पाळण्यात तुम्हाला..."

"मला भरून आलं नव्हतं, पोरी. माझा गळा गेला होता."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा बोलले. मोठ्याने नाही, पण बोलले. मग तिच्या पदरात नारळ ठेवला आणि कुंकू लावलं. ते जरा वाकडं लागलं.

तिची सासू पुढे सरकली. "एवढा वेळ काय सांगत होत्या गं ताई?"

प्रणिताने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आशीर्वाद दिला," ती त्या उतरलेल्या आवाजात म्हणाली.